चोंबडे आजोबा

गेल्या नाताळच्या आठवड्यातील गोष्ट. फराळाचे ताट घेऊन आम्ही शेजारच्या घरी गेलो होतो. दार उघडले ते पाच वर्षांच्या नातवाने. त्याने आमच्याकडे पाहिले, ताटाकडे पाहिले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून खणखणीत आवाजात वर्दी दिली, "आई, चोंबडे आजोबा आले!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. सूनबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "काहीतरीच बोलतो हो हा, शाळेत शिकून येतो," असे म्हणून त्यांनी पोराच्या पाठीत हलकासा धपाटा घातला. आम्ही हसलो. त्याला जवळ घेतले, एक नेवरी त्याच्या हातावर ठेवली आणि हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून परतलो. घरी येईपर्यंत मात्र हसू टिकले नाही. उभा जन्म शिक्षकी पेशात गेल्यामुळे एवढे आम्हांस निश्चित ठाऊक आहे, की पाच वर्षांचे मूल विशेषण स्वतः तयार करीत नाही. ते जेवणाच्या वेळी मोठ्यांच्या तोंडून ऐकते आणि मग योग्य माणसाला योग्य वेळी लावते. त्या घराशी आमचा संबंध जुना आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

त्या रात्री आम्ही कपाटातून मोल्सवर्थ काढला. या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती पुढे पुनर्मुद्रित झाली, तिचीच एक जीर्ण प्रत आमच्याकडे आहे. शब्द सापडला. कोणी न सांगता दुसऱ्याच्या कामात पुढेपुढे करणारा, विनाकारण लुडबुडणारा, असा त्याचा भावार्थ. सौ.ने विचारले, "अहो, इतक्या रात्री काय शोधता?" आम्ही म्हणालो, "आमचे नाव."

या एका प्रकारच्या माणसासाठी आपल्या भाषेने शब्दांचे केवढे भांडार साठवले आहे! लुडबुड म्हटले की पाण्यात उगाच हात घालून खळबळ करणारे पोर डोळ्यांपुढे येते. उठाठेव म्हणजे उचलणे आणि ठेवणे. वस्तू होती तिथेच राहते, फक्त करणाऱ्याला काम केल्याचे समाधान मिळते. ढवळाढवळ तर थेट चुलीपाशी नेऊन उभे करते. हंडी दुसऱ्याची, विस्तव दुसऱ्याचा, जेवणारी तोंडे दुसऱ्याची आणि पळी तेवढी आपल्या हातात. भोचक हा शब्द ऐकताच कोशकारांच्या व्युत्पत्तीची वाट न पाहता आमच्या कानाला काहीतरी बोचते. आणि आगाऊ? हा शब्द तर फार मार्मिक आहे. काम होण्यापूर्वी दिलेली रक्कमही आगाऊ आणि विचारण्यापूर्वी दिलेला सल्लाही आगाऊच. फरक एवढाच, की रकमेची पावती मिळते.

या सर्वांत चोंबडा हा शब्द आम्हांला अधिक लागला, कारण त्यात दुष्टाव्याचा आरोप नाही. चोंबडा माणूस वाईट हेतूने येत नाही. तो भल्यासाठीच येतो, आणि म्हणूनच त्याला घालवून देणे कठीण जाते. उंटावरच्या शहाण्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वासराचे तोंड रांजणात अडकले, तेव्हा शहाण्याला आणण्यात आले. तो उंटावरून उतरायला तयार नाही, म्हणून आधी घराची भिंत पाडली. मग त्याच्या सल्ल्याने वासराची मान कापली आणि शेवटी मुंडके काढण्यासाठी रांजण फोडला. शाळेत ही गोष्ट सांगताना मुले खदखदा हसत. त्या शहाण्याच्या मनात वासराविषयी कणव नव्हती असे कथेत कुठेही म्हटलेले नाही, हे मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

काही दिवसांनी आमच्या परिचयाच्या एका धर्मगुरूंची भेट झाली. पवित्र शास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा. चर्चच्या पायऱ्यांवर बसून आम्ही त्यांना चोंबड्या आजोबांची कथा ऐकवली. त्यांनी मनसोक्त हसून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा हा शब्द नव्या करारात आहे. ग्रीकमध्ये."

तो शब्द असा : अलॉत्रिएपिस्कोपोस. संपूर्ण नव्या करारात तो एकदाच येतो, पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात. हे पत्र आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेले आहे. श्रद्धेपायी त्यांचा छळ होत होता. लेखक त्यांना सांगतो, की ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर त्यात लाज नाही. मात्र खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा अलॉत्रिएपिस्कोपोस म्हणून कोणावर दुःख भोगण्याची पाळी येऊ नये. ही पंगत ऐकून आम्ही चपापलो. खुनी, चोर, दुष्कर्मी, आणि त्यांच्या ओळीत पाट मांडून बसलेला चोंबडा!

पण खरी गंमत शब्दाच्या पोटात आहे. अलॉत्रिओस म्हणजे परक्याचे, दुसऱ्याचे. एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा. त्यातला स्कोप हा धातू पाहण्याचा. टेलिस्कोपच्या शेपटीला आहे तोच. आणि याच एपिस्कोपोसपासून लॅटिनच्या वाटेने आजचा बिशप हा शब्द आला. म्हणजे दुसऱ्याच्या घरादारावर स्वतःच स्वतःला बिशप नेमून घेणारा माणूस तो अलॉत्रिएपिस्कोपोस. "बिशपला अभिषेक असतो, जबाबदारी असते, त्याला जाब विचारणारे वरती कोणी असते," फादर म्हणाले. "तुम्हांला कोणी नेमले होते, मास्तर?" ते थट्टेतच म्हणाले. पण आम्हांला उत्तर सुचले नाही.

त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस ख्रिस्ताला आत्म्यांचा मेंढपाळ आणि एपिस्कोपोस म्हटले आहे, आणि पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बजावले आहे, की सोपवलेल्या कळपावर सत्ता गाजवू नका. म्हणजे ज्यांना खरोखर नेमलेले आहे त्यांनाही दांडगाईची मुभा नाही. मग न नेमलेल्याची काय कथा? या वचनाच्या लॅटिन व्हल्गेट भाषांतरात तर परक्याच्या वस्तूची हाव धरणारा अशा अर्थाचे शब्द आहेत. कोणी म्हणेल, अर्थ बदलला. आम्हांला तसे वाटत नाही. दुसऱ्याचे पैसे हवेसे वाटणे हा लोभ आहेच. पण दुसऱ्याच्या घरातला निर्णय आपल्या हातात हवासा वाटणे, हाही लोभच नव्हे काय?

आता त्या शेजारघराविषयी.

आमच्या घरामागे दोन भावांची घरे आहेत. मध्ये त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर. केळीची वाडी, पलीकडे थोडी पानवेल, कडेला नारळ. वडील वारले तेव्हा दोघांची लग्ने झालेली होती आणि चुली वेगळ्या होत्या. १९९३ सालच्या पावसाळ्यानंतर हिस्सेवाटपाचा विषय निघाला. थोरला भाऊ शांत प्रकृतीचा. ओट्यावर बसून सहज बोलता बोलता तो आम्हांला म्हणाला, "मास्तर, वाडी अर्धी अर्धी केली. विहीर मात्र सामाईक ठेवतो. पाणी काय कोणाच्या नावावर असतं?"

त्याने सल्ला विचारला नव्हता. झालेली गोष्ट सांगितली होती. परंतु मास्तर गप्प बसले तर ते मास्तर कसले! आम्ही त्याला तोंडी व्यवहाराचे धोके समजावले. उद्या तुमची मुले भांडतील, परवा नातवंडे कोर्टात जातील, जे काय ते पांढऱ्यावर काळे करा. आम्ही स्वतः टेप घेऊन वाडीत उतरलो. नकाशा काढला. तलाठ्याकडे खेपा घातल्या, सातबारा काढला, मोजणीचा अर्ज आमच्या वळणदार हस्ताक्षरात लिहिला. त्या दिवसांत आम्हांला किती हुरूप होता म्हणून सांगावे! सकाळची मिस्सा आटोपली की आम्ही थेट त्यांच्या ओट्यावर.

मोजणी झाली आणि सरळ रेघ ओढताच विहीर चार हात थोरल्याच्या बाजूला गेली.

रेघ थोडी वाकवता आली असती. पण आमचे डोके कलमांमध्ये गुंतले होते. आम्ही तोडगा काढला : विहीर थोरल्याच्या नावे, धाकट्याला पाणी भरण्याचा कायम हक्क आणि मोटारीच्या विजेचे अर्धे बिल धाकट्याने द्यायचे. स्टॅम्प पेपरवर हे सारे सुवाच्य उतरले. वाचून दाखवले तेव्हा धाकटा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बापाच्या विहिरीचं पाणी मी आता बिल भरून प्यायचं?" थोरला म्हणाला, "मी मागितलं का बिल?" धाकटा म्हणाला, "मग कागदावर कोणी घातलं?" दोघांनीही आमच्याकडे पाहिले नाही, हे आज आम्हांला अधिक आठवते. भाऊ भावाशी बोलत होता आणि कागद आमचा होता.

सही दोघांनी केली. मात्र धाकट्याने त्या विहिरीचे पाणी पुन्हा भरले नाही. त्याने आपल्या बाजूला कूपनलिका मारली. १९९५ साली मध्ये भिंत उभी राहिली, वर काचांचे तुकडे बसवलेली. कोर्टकचेरी झाली नाही; आम्ही वर्तवलेले संकट तेवढे आले नाही. बोलणे मात्र बंद झाले. १९९९ मध्ये त्यांची आई गेली. शवपेटी दोघांनी दोन बाजूंनी उचलली, दफनभूमीत एकामागून एक माती टाकली आणि दोन वाटांनी घरी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी थोरला आम्हांला बाजारात भेटला. रागाचा लवलेश नव्हता. म्हणाला, "मास्तर, तुमचा कागद अजून जपून ठेवलाय हां." आम्ही त्यावर काय बोललो ते आठवत नाही. बहुधा जपून ठेवण्याविषयीच काही सल्ला दिला असेल.

एवढ्या वर्षांत आम्ही प्रायश्चित्त संस्कारासाठी अनेकदा गेलो. राग सांगितला, खोटे बोलणे सांगितले, रविवारची चुकवलेली मिस्सा सांगितली. ही गोष्ट कधी सांगितली नाही. तिला पाप म्हणतात हे आम्हांला माहीतच नव्हते. आम्ही तिला समाजसेवा समजत होतो.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे, लूकच्या बाराव्या अध्यायात. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. न्याय करायला याहून योग्य माणूस कोण मिळणार होता? पण प्रभू उलट विचारतो, की मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? तो टेप घेऊन वाडीत उतरत नाही. तो लोभाविषयी एक दाखला सांगतो आणि वाटणी त्या भावांवर सोडतो. हा उतारा आम्ही चर्चमध्ये वाचलाही आहे, वाचनपीठावर उभे राहून, चांगल्या चढउतारांसह.

दुसरा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातला. पेत्राला त्याच्या पुढील आयुष्याविषयी सांगून झाले आहे. तो मागे वळून पाहतो तर प्रिय शिष्य येत असलेला दिसतो. पेत्राला राहवत नाही. तो विचारतो, आणि याचे काय? उत्तर मिळते, की त्याचे काहीही झाले तरी तुला काय. तू माझ्या मागे ये. ज्या पेत्राला हे ऐकावे लागले, त्याच्याच नावाच्या पत्रात पुढे तो ग्रीक शब्द यावा, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. स्वतः चोंबडेपणा केल्यावर ज्याने तो ओळखला, त्यालाच खुन्याच्या आणि चोराच्या ओळीत चोंबड्याला बसवण्याचे धैर्य झाले असावे. हा आमचा तर्क. शास्त्रज्ञांनी तो मनावर घेऊ नये.

आता एखादा वाचक म्हणेल, की मास्तर, तुमचे हे तत्त्वज्ञान सोयीचे आहे. शेजारी मरो की जगो, आपण आपले दार लावून घ्यावे, असेच ना? नाही. यरीहोच्या वाटेवर जखमी माणसाला पाहून जे दोघे बाजूने निघून गेले, त्यांना कोणीही चोंबडे म्हणू शकणार नाही. त्यांनी कोणाच्याही कामात ढवळाढवळ केली नाही. दाखल्यात ते निर्दोष मात्र ठरत नाहीत. आणि त्या शोमरोनी माणसाला तरी कोणी बोलावले होते? तोही न बोलावता गेला. पण त्याने तेल आपले वापरले, द्राक्षारस आपला, जनावर आपले, आणि निघताना दोन दिनार आपल्या कमरेचे सोडले. एकट्याने प्रवास का केलास, असे त्याने त्या जखमी माणसाला विचारल्याचे दाखल्यात नाही. काना गावच्या लग्नातही मरियेला कोणी व्यवस्थापक नेमले नव्हते. द्राक्षारस संपला हे तिने पाहिले, पुत्राच्या कानावर घातले, चाकरांना एक वाक्य सांगितले आणि ती बाजूला झाली. यजमानाला त्याच्या नियोजनातली चूक दाखवायला गेली नाही. आमच्या धर्मग्रामातील लग्ने पाहिलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आम्हांला हा भेद कळत नव्हता याचा पुरावा म्हणून एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ती लिहावी की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला. विहिरीच्या वाटणीत आम्ही उडी घेतली, त्याच काळात आमच्या आळीतल्या एका घरातून रात्री अपरात्री बाईच्या रडण्याचा आवाज येई. नवरा दारू पिऊन मारहाण करी. सगळ्या आळीला माहीत होते. एका रात्री आवाज फार वाढला. सौ. म्हणाल्या, "अहो, जाऊन बघा तरी." आम्ही म्हणालो, "त्यांच्या घरातला प्रश्न आहे, आपण कशाला मध्ये पडा?" आणि उठून खिडकी लावून घेतली. काही महिन्यांनी ती बाई मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. जिथे ओट्यावर बसून चहा मिळत होता, मान मिळत होता, तिथे आम्ही रोज न बोलावता जात होतो. जिथे शिवी मिळाली असती, कदाचित काठीही, तिथे आम्हांला दुसऱ्याच्या खाजगी आयुष्याविषयी एकाएकी आदर वाटू लागला.

चोंबडा माणूस सर्वत्र चोंबडा नसतो. त्याची निवड मोठी चोखंदळ असते.

नाताळनंतर आम्ही त्या घरी जाणे कमी केले. पोरगा मात्र कुंपणापाशी आला की हाक मारतो, "चोंबडे आजोबा!" आता त्याची आई त्याला रागावत नाही आणि आम्हीही ओ देतो. नाव पडले ते पडले.

यंदाच्या मे महिन्यात धाकट्याच्या कूपनलिकेचे पाणी खारट झाले. समुद्राकाठच्या आमच्या पट्ट्यात हे नवे नाही. नळाचे पाणीही दोन दिवस आले नव्हते. मागच्या पावसाळ्यात त्या मधल्या भिंतीचा वीतभर रुंदीचा तुकडा ढासळला होता; दोघांपैकी कोणी तो बांधून घेतला नव्हता. सकाळी सहाच्या सुमारास आम्ही खिडकीशी चहाची वाट पाहत बसलो होतो. धाकट्याची सून रिकामा हंडा घेऊन त्या खिंडारापाशी येऊन उभी राहिली. तिने हाक मारली नाही. जरा वेळाने पलीकडून थोरल्याची बायको बाहेर आली. तिचेही आता वय झाले आहे, चालताना गुडघ्यावर हात ठेवते. तिने हंड्याकडे पाहिले, आत जाऊन मोटार चालू केली आणि पाइपाचे तोंड त्या खिंडारातून अलीकडे सरकवून दिले. एक शब्द न बोलता पुन्हा घरात गेली.

आम्ही ताडकन उठलो. पायांत चपला केव्हा अडकवल्या ते कळले नाही. भिंतच काढून टाका म्हणावे, गवंडी आमच्या ओळखीचा आहे, तो जुना कागद फाडा, दोघांना समोरासमोर बसवू, फादरांनाही बोलावू, असे पुष्कळ काही डोक्यात गर्दी करून आले.

"अहो, कुठे निघालात?" सौ.ने कप ठेवीत विचारले.

"कुठे नाही," आम्ही म्हणालो.

चपला काढून पुन्हा खिडकीशी बसलो. हंडा भरत आला होता. पोरगा आईच्या मागून धावत आला आणि त्याने पाइपाच्या धारेत हात घातला.